शेतावरनं थेट मटण घ्यायचंय, पण बकरं कापायचं कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गटारी जवळ आली की दरवर्षी पेपरात मटणाच्या दुकानापुढच्या रांगेचा फोटो येतो नि खाली किलोचा दर. गणपतीतल्या उंदरीला तेच, खंडेनवमीला तेच, धुळवडीला तर विचारूच नका. दर सगळेच विचारतात, आणि विचारणारच, सातशेच्या पुढं गेलेलं मटण कुणाला परवडतंय. पण ते बकरं आलं कुठनं, कसं आलं, कापायच्या आधीचा दिवस त्यानं कुठं काढला, हे रांगेत उभं राहून कोण विचारत नाही. मी बेळगावच्या शहापुरात छोटी खानावळ चालवते, मटण-कोंबडी हा रोजचा धंदा, त्यामुळं मला ते विचारावं लागतं आणि विचारायला लागल्यापास्नं जे कळलं ते चार लोकांच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र. लांबलंय, तुम्ही पाहिजे तिथं कात्री लावा.

आधी चांगलं सांगते. आमच्या भागातली शेळ्या-मेंढरं वाढतात ती चांगलीच वाढतात. खानापूर तालुका घ्या, उचगाव, बेळगुंदी, बिजगर्णीचा पट्टा घ्या, शिनोळी ओलांडून चंदगड घ्या, घरटी दोन-चार शेळ्या असतात आणि त्या बहुतेक घरच्या बाईच्या सांभाळातल्या. दिवसभर बांधावर नि रानात चरतात, संध्याकाळी शेवरी नाहीतर सुबाभळीचा पाला, भुईमूग काढला की त्याचा वाळला पाला. तिकडं अथणी, रायबाग, चिक्कोडी, गोकाकला धनगरांचे कळप, उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकरी त्यांना बोलवून शेतात मेंढ्या बसवतो, खत मिळतं म्हणून वर धान्य नाहीतर पैसे देतो. त्या मेंढरानं जन्मात पत्र्याचं शेड बघितलेलं नसतं. कितीतरी घरात शेळी अर्धलीनं दिलेली असते, शेळी एकाची, सांभाळणारा दुसरा, झालेली पिल्लं निम्मी निम्मी. मोठ्या शहरात मोकळ्यावर वाढलेलं असं छापून पॅकेटातलं मटण जास्तीच्या पैशाला विकतात, आमच्याकडं ते काही न छापता दारात चरतंय.

मग घोळ कुठं होतो तर शेवटच्या दिवशी. आठ-दहा महिने मोकळं फिरलेलं बकरं दलाल नजरेनं अंदाज लावून घेतो, टेम्पोत कोंबतो, एकावर एक, बसायला जागा नाही, पाणी नाही, खालची फळी शेणामुतानं ओली झालेली, वळणावर घसरून पडलं की बाकीचे त्याच्यावर. बाजारात दिवसभर उन्हात, परत दुसरी गाडी, काही चोर्ला घाटानं गोव्याला जातात, काही इथंच. मग रात्रभर कुठल्यातरी बोळात दावणीला, सकाळी दुकानात, आणि दुकानात त्याच्यासमोर त्याच्या आधीचं कापतात. कोंबड्यांचं तर सगळ्यांच्या डोळ्यापुढं आहे, मोटरसायकलच्या हँडलला दोन्हीकडं पाय बांधून डोकं खाली, खानापूरवरनं पंचवीस-सव्वीस किलोमीटर तशीच.

ह्याला कायदा नाही असं नाही बरं का. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावराला विनाकारण त्रास होईल अशा तऱ्हेनं नेणं हा गुन्हा आहे, गाडीतनं असो नाहीतर हातातनं. आणि हा कायदा केला तेव्हा पहिल्या गुन्ह्याला दंड किती ठेवला तर जास्तीत जास्त ५० रुपये. पन्नास रुपयात आज अर्धा किलो चिकन येत नाही! १९७८ चे वाहतुकीचे नियम आहेत, साडेचार-पाच टनाच्या ट्रकात ४० पेक्षा जास्त शेळ्या-मेंढ्या घालू नयेत असं त्यात स्पष्ट लिहिलंय, खरं ते लांबच्या म्हंजे सहा तासांवरच्या प्रवासासाठी, आणि आमची गाडी दोन-तीन तासात पोचते, त्यामुळं मोजायला कोण उभंच राहत नाही.

मला कोण म्हणेल की बाई, शेवटी मारायचंच आहे ना, मग एवढा जीव कशाला खालीवर करता. आमच्या शेजारच्या काकू तर शुद्ध शाकाहारी, त्या हसतातच. त्यांना माझ्याकडं उत्तर नाही, त्यांचं त्यांच्या जागी बरोबर असेल. खरं जे खाणारे आहेत त्यांच्यासाठी सांगते, दया वगैरे बाजूला ठेवा, नुसतं पातेल्यातलं बघा. जनावराच्या मांसात थोडी साखर साठवलेली असते, ग्लायकोजेन म्हणतात त्याला. शांतपणे कापलेल्या जनावराच्या अंगातल्या त्या साखरेचं नंतर आम्ल होतं, मटणाचा पीएच (आम्लाचं माप, आकडा जेवढा खाली तेवढं आम्ल जास्त) ७ वरनं हळूहळू साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरतो, त्यानंच मटणाला रंग येतो, ते मऊ पडतं आणि टिकतं. तेच जनावर आदल्या दिवशी घाबरून, धडपडून, उपाशी उभं राहून दमलेलं असलं की साखर आधीच जळून गेलेली, आम्ल होणार कशाचं. मग मटण काळपट, हाताला चिकट, आणि संध्याकाळपर्यंत वास मारायला लागतं. खानावळीत मी हे हातानं ओळखते, कुठल्या दिवशीचं मटण कुकरमधनं काढलं तरी दाताखाली रबर लागतं आणि रश्श्याला गोडी येत नाही, आणि गिऱ्हाईक मसाल्याला नाव ठेवतं. मसाला तोच असतो ओ, बकऱ्याचा आदला दिवस वाईट गेलेला असतो.

म्हणून मी आता शक्य तेवढं थेट घेते. खानापूरच्या अलीकडं एक कुटुंब आहे, आई नि मुलगा, पंधरा-वीस शेळ्या, घरामागच्या परड्यात शंभरभर कोंबड्या. नाव-गाव देत नाही, कारण उद्या रांग लागली तर महिन्यात कळप संपेल आणि माझीच पंचाईत. तिथं व्यवहार नजरेनं नाही, वजनावर. पोत्याची झोळी करतात, त्यात बकरं घालून आंब्याच्या फांदीला हुकाचा काटा लावतात, बकरं पाय झाडतं, काटा नाचतो, मग मुलगा त्याच्या कपाळावर हात ठेवून उभा राहतो आणि ते गप्प झालं की आकडा वाचायचा. दलाल ह्याच बकऱ्याला अंदाजे म्हणून दोन-तीन किलो कमी धरतो, त्यामुळं माझा दर दलालापेक्षा जरा चढा असला तरी मला मध्ये कोण खाणारा नसतो, आणि त्यांना हातात जास्त पडतात. हिशेब साधा आहे, जिवंत २० किलोचं बकरं असलं तर मटण साधारण ९-१० किलो निघतं, म्हंजे निम्म्याच्या जरा खाली. वर मुंडी, पाय, वजडी, रक्ती वेगळी, आणि ज्याला हे सगळं करायला येतं त्यालाच हा व्यवहार परवडतो. ज्याला नुसते मांडीचे पीस पाहिजेत त्यानं दुकानातनंच घ्यावं, राग नाही.

काय बघायचं ते पण सांगते. बकरं चरताना बघा, दावणीला बांधून ठेवलेलं दाखवलं तर समजा कालच आणलंय. डोळे, नाक, मागची बाजू स्वच्छ आहे काय, खूर बघा, आमच्या पावसात खूर कुजतात आणि जिथं शेळ्यांना बसायला उंच फळ्यांची माची केलेली असते तिथं ते कमी होतं. पीपीआर ह्या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस टोचली काय, कानात पिवळा बिल्ला असला तर त्यावरचा १२ आकडी नंबर टिपून घ्या. आणि मुख्य म्हंजे शेवटचं औषध कधी दिलं. अँटिबायोटिकच्या बाटलीवर लिहिलेलं असतं की एवढे दिवस ह्या जनावराचं मांस खायचं नाही, काही औषधांना तीन-चार आठवडे लागतात, शेतकऱ्याला विचारलं तर तो खरं सांगतो, दलालाला माहीतच नसतं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी एवढं सगळं विचारत बसले तर तिथले एक म्हातारे मामा म्हणाले, ताई, बकरं घेऊलालाव की पोरगी बघूलालाव? हसायला आलं, खरं मी विचारायचं सोडलं नाही.

मीठ चारून पाणी पाजलेलं बकरं काट्यावर जड लागतं ही पण एक गंमत आहे, बाजारात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

कोंबडीबद्दल जरा जास्त बोलते, कारण फसवणूक तिथं जास्त आहे. रंगीत पिसं दिसली की लोक गावरान म्हणून दुप्पट पैसे देतात. अहो, गिरिराजा ही बेंगळूरच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली जात, वनराजा हैदराबादची, दोन्ही रंगीत, दोन्ही परड्यात वाढवायला चांगल्या, माझी तक्रार त्यांच्यावर नाहीच, खरं त्या गावरान म्हणून विकू नका. आणि अंडी घालून थकलेली लेयर कोंबडी, जी वर्ष-दीड वर्ष पिंजऱ्यात उभी होती, ती पण तपकिरी रंगाची असली की बाजारात गावरान होते. मला तर वाटतं जातीपेक्षा वाढ कशी झाली ते विचारावं. ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसात दोन किलोवर जाते, एका कोंबडीला साधारण एक चौरस फूट जागा, कितीदा छाती एवढी जड होते की तिला चालायला येत नाही. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, शेतकऱ्याला किलोमागं पाळणावळ, त्यामुळं त्याला विचारून तरी काय करणार. कोलिस्टिन नावाचं औषध, जे माणसाला शेवटचा उपाय म्हणून देतात, ते कोंबड्यांना वाढीसाठी घालायचे, सरकारनं २०१९ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आणली तेव्हा कुठं लोकांना कळलं की आपण काय खात होतो. परड्यातल्या कोंबडीला पाच-सहा महिने लागतात. ती उकिरडा उकरते, किडे खाते, धुळीत लोळते, रात्री डालग्याखाली नाहीतर खुराड्यात. तलंग म्हंजे कोवळी कोंबडी घेतली तर शिजायला बरी, जुनं कोंबडं घेतलं तर गॅस जळतो हे आधीच मान्य करा, ते चुलीवरच करायचं काम आहे. पाय बघा, मोकळ्यावरच्या कोंबडीचे पाय खरबरीत नि घट्ट असतात, पंजाखाली फोड नसतात.

आणि आणताना डालग्यातनं नाहीतर भोकं पाडलेल्या खोक्यातनं आणा, हँडलला लटकावून नको. एवढं तर ज्याचं त्याला करता येतं, त्याला सरकार लागत नाही.

आता मूळ अडचण, जिच्यासाठी पत्र लिहायला घेतलं. बकरं थेट शेतावरनं घेतलं, कापायचं कुठं? गावात हे पूर्वीपास्नं चालत आलंय, गल्लीतली दहा घरं मिळून बकरं घेतात, मुलाणी येतो, कापतो, पळसाच्या नाहीतर केळीच्या पानावर वाटे घालतात, कुणाच्या वाट्याला काळीज जास्त गेलं म्हणून भांडणं पण होतात. आमच्याकडं जत्रेला सुद्धा बकरं कापायला मुलाणीच लागतो, पिढ्यानपिढ्या, आणि चांगल्या मुलाणीचा हात बघितलाय त्याला माहीत आहे की सुरी जनावरापुढं परजत नाहीत, एकदाच फिरते नि संपतं. खरं घरच्यासाठी वाट्यानं कापणं वेगळं आणि विकायला कापणं वेगळं. शहराच्या हद्दीत परवान्याच्या कत्तलखान्याबाहेर कापायला बंदी आहे, २००१ च्या कत्तलखाना नियमात. ते नियम वाचून बघा, फार चांगले आहेत. कापायच्या आधी डॉक्टरनं तपासायचं, तपासल्यावर २४ तास जनावराला विसावा द्यायचा, एकाला दुसऱ्यासमोर कापायचं नाही, गाभण आणि तीन महिन्याच्या आतलं कापायचं नाही. आमच्या भागात किती ठिकाणी २४ तास विसावा मिळतो ते संपादकसाहेब तुम्हीच एकदा तुमचा बातमीदार पाठवून बघा.

मी सध्या आमच्या नेहमीच्या खाटकाकडनं करून घेते, तो परवान्याचा आहे, चांगला माणूस आहे. बकरं आदल्या दिवशी सकाळी येतं, मागं सावलीत बांधतो, पाणी ठेवतो, त्याचे कापायचे पैसे वेगळे घेतो. त्यानं मला सांगितलं की ताई, सगळ्यांनी असं आणलं तर मला बरंच आहे, मला बाजारात जाऊन पैसे अडकवायला नकोत. म्हंजे खाटकाच्या पोटावर पाय येतो असं जे म्हणतात ते खरं नाही, मारला जातो तो मधला दलाल, आणि त्याच्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. खरं प्रत्येकाला असा खाटीक मिळत नाही, जागा पण नसते त्यांच्याकडं.

मग खानापूरच्या त्या पोरानं विचारलं की मीच परवाना काढून इथंच कापून स्वच्छ मटण डब्यात घालून तुमच्याकडं पोचवलं तर? अन्नसुरक्षेच्या नियमात छोट्या माणसाची सोय आहे, दिवसाला १० शेळ्या-मेंढ्या किंवा ५० कोंबड्यांपर्यंत कापणाऱ्याला मोठं लायसन नको, नुसती नोंदणी पुरते. ऐकायला सोपं. तो एका ऑफिसात गेला तर त्यांनी दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं पंचायतीचा ना-हरकत दाखला आणा म्हणून सांगितलं, पंचायतीत म्हणाले असा दाखला आम्ही आजवर दिला नाही त्यामुळं नमुनाच नाही. फॉर्म सगळे कानडीत, पोराला कानडी बोलायला येतं खरं सरकारी कानडी वाचायला वकील लागतो. जनावरं तपासायला डॉक्टर पाहिजे, तर दवाखान्यात डॉक्टर एक आणि गावं कितीतरी. आणि सीमेची तऱ्हा तर वेगळीच. चंदगडची बाई शेळी विकायला आली तर तिचा दवाखाना महाराष्ट्राचा, तिचा दाखला मराठीत, इथला साहेब तो हातात घेऊन उलटसुलट बघतो. शेळीला कुठं माहीत शिनोळीला राज्य बदलतं म्हणून, ती दोन्हीकडचं गवत खाते.

माझी मागणी फार मोठी नाही. तालुक्याला एक, नसेल तर निदान खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी नि बेळगावच्या पश्चिम भागात एकेक छोटी जागा करा, वर पत्रा, खाली धुता येईल अशी फरशी, पाणी, सांडपाण्याची टाकी, विसाव्याला कुंपण घातलेला सावलीचा तुकडा आणि आठवड्यातनं दोन दिवस, म्हंजे बाजाराच्या आणि रविवारच्या आदल्या दिवशी, पशुवैद्यकीय डॉक्टर. शेतकरी आपली दोन बकरी आणेल, फी भरेल, शिक्का मारून मटण घेऊन जाईल. बर्फाची पेटी असली की शहरापर्यंत तासाभरात येतं. फुकट कोण मागत नाही. बचत गटाच्या बायका ही जागा चालवायला तयार होतील असं मला वाटतं, शेळ्या त्यांच्याच आहेत ना.

घेणाऱ्यांना एक सांगायचं राहिलं. थेट घेतलं म्हंजे स्वस्त पडेल ही आशा धरून जाऊ नका, आणि तिथं जाऊन घासाघीस करू नका. दुकानाएवढंच पडेल, कधी जरा जास्त. आठवड्यातनं दोनदा खायचं ते एकदा खावं आणि चांगलं खावं असं मी माझ्या गिऱ्हाइकाला सांगते, म्हंजे स्वतःच्याच गल्ल्यावर धोंडा, खरं ताटातलं मटण कुठल्या गावचं ते सांगितलं की लोक दुसरी वाटी मागतात हा पण अनुभव आहे. आणि एकदम बकरं नको असेल तर चार घरं मिळून घ्या, वाट्यानं, आपल्याला नवीन नाही ते.

महानगरपालिका, जिल्हा पंचायत आणि पशुसंगोपन खातं, तिघांपैकी ज्याच्या अखत्यारीत हे येतं त्यांनी आपल्या पेपरात एवढंच छापावं की बेळगाव जिल्ह्यात परवान्याचे कत्तलखाने कुठं आहेत, तिथं शेतकऱ्याला स्वतःची एक-दोन बकरी आणून कापून घेता येतात काय, फी किती, डॉक्टर कुठल्या वेळेला असतो आणि चंदगडचा दाखला चालतो की नाही. मराठीत आणि कानडीत दोन्ही छापा. गटारीच्या आधी छापलं तर फार बरं होईल, श्रावणात छापून काय उपयोग.

आपली एक वाचक,
शहापूर, बेळगाव